निळ्या गाडीवरचं कोकमतेल

रत्नागिरीत नाचणे गावच्या चढावरल्या त्या इमारतीत गाड्या बऱ्याच होत्या, पण 'गाडीवाला' म्हटलं की माणसं गुरुप्रसाद घवाळीकडेच बोट दाखवत. बाकीच्यांना गाडी कुठंतरी जायला लागायची. ह्याला ती बघायलाही लागायची. सकाळी कामावर निघताना एकदा, संध्याकाळी आल्यावर एकदा, आणि जेवण झालं की 'जरा पाय मोकळे करून येतो' म्हणून खाली जाऊन आणखी एकदा. त्याची बायको नम्रता म्हणायची, मला बघायला आलात तेव्हा एवढं निरखून बघितलं असतं तर मला तरी बरं वाटलं असतं.

गुरुप्रसाद औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे फिरतीच्या कामावर होता. आज लांजा, उद्या पाली, परवा संगमेश्वर. मेडिकलवाल्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या, मुदत संपलेला माल परत आणायचा. त्यामुळे गाडीला रोजचा वनवास. महामार्गाचं काम कधी संपणार हे देवालाही ठाऊक नाही, आणि त्या कामाची तांबडी माती रोज गाडीबरोबर घरी यायची. वर समुद्राचं खारं वारं होतंच. गाडी घेताना सगळ्यांनी सांगितलं होतं, पांढरी घे, डोक्याला ताप नाही. ह्यानं घेतली गडद निळी, कारण शोरूममधल्या सगळ्या गाड्यांत तिच्यातच त्याला स्वतःचा चेहरा स्पष्ट दिसला. आता भोगा.

म्हणून रविवार गाडीचा. आधी नुसतं पाणी मारायचं. धूळ हात न लावता वाहून गेली पाहिजे. मग शाम्पूचा फेस, मग पुन्हा पाणी, मग मऊ फडक्यानं टिपणं. पुसणं नव्हे, टिपणं. नम्रता एकदा चुकून 'पुसणं' म्हणाली तर त्यानं तिला तिथल्या तिथं सुधारलं होतं. नंतर गाडी सावलीत घेऊन डबीतलं पिवळट मेण बोटावर घ्यायचं, पत्र्यावर गोल गोल पातळ फिरवायचं, ते धुरकट झालं की दुसऱ्या फडक्यानं काढायचं. एवढं झाल्यावर बॉनेटवर टाकलेलं पाणी अळवाच्या पानावर धावतं तसं धावलं, की त्याचा आठवडा सुखाचा जायचा. लोक हसत. हसोत बापडे. दिवसभर दुसऱ्याचं ऐकून घेणाऱ्या माणसाला आपल्या हाताखाली चकाकणारं काहीतरी लागतंच.

गणपती झाले आणि त्याची आई, काशीबाई, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रत्नागिरीत आली. मालगुंडाकडच्या वाडीत ती एकटी राहायची. मोतीबिंदू निघाला, डोळा साफ झाला, पण डॉक्टरांनी सांगितलं की काही आठवडे चुलीचा धूर नको, धूळ नको, मुलाकडेच राहा. राहिली. आता राहिली म्हणजे काय, तर सकाळी उठून गॅलरीत बसायची आणि समोरच्या इमारतीच्या गॅलऱ्या बघायची. नव्या डोळ्याचं कौतुक सांगायची, की आता मुंगीचे पायसुद्धा दिसतात. पण नुसतं बघून माणूस किती बघणार? तिच्या हातांना रिकामं बसायची सवय नव्हती. त्या हातांनी लावणी केली होती, कापणी केली होती, शेणानं खळं सारवलं होतं, आणि घरचे रातांबे उतरले की त्यांच्या बियांचं तेल काढलं होतं. बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या, वर आलेलं तेल थिजलं की मुठीत दाबून गोळे करायचे. तेच कोकमतेल. कुणाच्या टाचांना भेगा पडल्या, कोकमतेल. ओठ फुटले, कोकमतेल. दाराची बिजागरी कुरकुरली, कोयतीचं पातं गंजायला लागलं, तरी तेच. गुरुप्रसादचे वडील, आप्पा, शाळेत शिपाई होते आणि खाडीकाठच्या रस्त्यानं सायकलीवर जायचे. वाडीतल्या बाकीच्या सायकली खाऱ्या वाऱ्यानं खाल्ल्या. आप्पांची सायकल आप्पा गेले तरी उभी होती, कारण काशीबाईनं दर पावसाळ्याआधी तिला नखशिखांत तेल चोळलं होतं. रत्नागिरीला येतानाही एक गोळा तिनं कापडात बांधून आणलाच होता.

एका रविवारी ती त्याला वरून विचारती झाली, की बाबा, हे तू काय लावतोस? तो म्हणाला, मेण, खारं वारं लागू नये म्हणून. "म्हणजे आपलं कोकमतेलच की रे," ती म्हणाली. त्याला हसू आलं. हातात काम होतं, समजावत कोण बसणार? "तसंच समज," तो म्हणाला आणि पुढच्या दाराकडे वळला.

तीही ते तसंच समजली.

दसरा झाल्यावर ओळीनं दोन रविवार बुडाले. एकदा आईला डॉक्टरकडे न्यायचं होतं, एकदा कंपनीची सभा. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी परत आलेल्या मालावरून त्याच्या मालकानं चार पोरांसमोर त्याला झापलं. गुरुप्रसादनं खाली मान घालून ऐकलं. बाहेर कुणाला उलट बोलणं त्याच्या रक्तात नव्हतं, आणि बाहेर जे बोलता येत नाही ते माणूस घरी घेऊन येतो. जेवताना तो म्हणाला, गाडीचं पार वाटोळं झालं, मिठानं खाऊन टाकली असेल एव्हाना. नम्रतानं आमटी वाढली. काशीबाईनं ऐकून घेतलं.

रविवारी तो उशिरा उठला. बादली, शाम्पू, डबी घेऊन खाली उतरला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थबकला. त्याची निळी गाडी तांबूस झाली होती. समोरच्या गल्लीत पाण्याच्या पाइपासाठी खोदत होते, त्याची धूळ उडत होती, आणि ती सगळी येऊन गाडीवर चिकटली होती, कारण गाडीला तेल चोपडलेलं होतं. बॉनेटला, दारांना, मागं डिकीला. ऊन वर आलं होतं, तेल पातळ होऊन ओघळायला लागलं होतं. आणि गाडीशेजारी काशीबाई जुन्या लुगड्याचा तुकडा हातात घेऊन उभी होती. तिचे हात कोपरापर्यंत तुपकट होते. तिच्या तोंडावर हसू होतं. शाबासकी मिळणार असं वाटत असलेल्या माणसाचं.

त्यानं बॉनेटवर बोट ओढलं. बोटाखालचं तेल सरलं आणि निळ्या रंगात बारीक बारीक गोल ओरखडे दिसले, शेकड्यांनी, कोळ्याच्या जाळ्यासारखे. धूळ न धुताच चोळलं हिनं, त्याच्या मनात आलं. विचारलं मात्र नाही.

तळमजल्यावरचे बाबू शिवलकर स्कूटर धूत होते. त्यांची सून सानिका जास्वंद काढत होती. दोघंही हातातलं काम थांबवून बघत राहिले, तेवढ्या मोठ्या आवाजात तो बोलला.

"तुला हात लावायला कुणी सांगितलं होतं? अगं, ही काय आप्पांची सायकल आहे? सत्यानाश केलास. यापुढं मला विचारल्याशिवाय माझ्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. कळलं?"

काशीबाईचं हसू लगेच गेलं नाही. ते थोडा वेळ तोंडावर तसंच राहिलं, कारण ते काढायचं तिला सुचलंच नाही. मग ती म्हणाली, "नाय लावणार." आणि नळाखाली हात धुवायला गेली. कोकमतेल थंड पाण्यानं जात नाही. ती बराच वेळ धूत राहिली.

बाबू म्हणाले, जाऊ दे रे, वयस्कर माणूस आहे. गुरुप्रसादनं मान हलवली. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं हे त्याला त्याच क्षणी कळलं होतं. पण कळणं आणि कबूल करणं ह्यांच्यात केवढं अंतर असतं, ते ज्याला आई आहे त्याला सांगायला नको.

दुपारी जेवायला बसले तेव्हा आई नेहमीसारखीच बोलली. रुसवा नाही, अबोला नाही. त्याला हायसं वाटलं. संध्याकाळी टीव्हीवर तिची मालिका लागायची वेळ झाली. रिमोट तिच्याजवळच होता. ती म्हणाली, "गुरू, टीव्ही लावू काय?"

"लाव की," तो म्हणाला.

मग दुसऱ्या दिवशी, फ्रीज उघडू काय. पंखा वाढवू काय. ह्या खुर्चीत बसू काय. नम्रता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती; ती सकाळी निघायच्या गडबडीत असताना काशीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारायची, तांदळाचा डबा काढू काय? ह्यात टोमणा असता तर गुरुप्रसादला सोसला असता. टोमण्याला उत्तर देता येतं, भांडता येतं, भांडण मिटवता येतं. पण तिच्या आवाजात टोमणा शोधून सापडत नव्हता. मुलानं सांगितलं, घर मुलाचं, वस्तू मुलाच्या. ती सांगितल्याप्रमाणे वागत होती, एवढंच. नम्रता त्याला म्हणाली, अहो, तुम्ही आईंना एकदा नीट सांगा ना, मला कसंतरीच होतं. तो म्हणाला, सांगतो. आणि त्यानं सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात तो लांज्याला एका मेडिकलमध्ये उभा होता. दुकानदार ऑर्डर सांगत होता, हा लिहून घेत होता, तेवढ्यात आईचा फोन आला. ती कधी आपणहून फोन लावायची नाही, म्हणून त्यानं घाबरून उचलला.

"गुरू, परतीचा पाऊस आलाय हो इकडं," ती म्हणाली. "दोरीवर तुझे शर्ट हायत. भिजतायत. काढू काय?"

काढ, आई, काढ, तो म्हणाला. फोन ठेवला. दुकानदारानं विचारलं, सगळं ठीक ना घरी? ठीक आहे, तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली. किती वेळ ती दारात उभी राहून शर्ट भिजताना बघत असेल, आणि नंबर लावायला तिला किती खटपट पडली असेल, हेच त्याच्या डोक्यात घरी येईपर्यंत होतं.

पुढच्या रविवारी त्यानं गाडी धुवायला घेतली. आठवडाभर ती तशीच तांबूस फिरवली होती. मुद्दाम, आईला दिसावी म्हणून. माणसाच्या मनात किती कोपरे असतात! कोमट पाणी आणि शाम्पू मारला तसं तेल सुटलं. दुसऱ्या हाताला निघूनच गेलं, डाग नाही, काही नाही. म्हणजे तेलानं काहीच बिघडलं नव्हतं. राहिले ओरखडे. ऊन तिरकं होतं, त्यात ते उठून दिसत होते. बॉनेट बघून झालं, दारं बघून झाली. टप धुवायला तो दाराच्या उंबऱ्यावर पाय देऊन वर चढला.

टपाच्या कडांना वीतभर तेल होतं. त्याच्या आत, मधोमध, तेलाचं नाव नव्हतं. काशीबाई उंचीनं एवढीशी; दोरीवरचं लुगडं काढायला तिला स्टूल लागायचं. तिचा हात कडेपर्यंतच पोचला होता, त्यापुढं पोचणं शक्यच नव्हतं. आणि तिथं, जिथं तिचा हात कधी लागलाच नव्हता, तिथं ओरखडे होते. तसेच गोल. उलट जास्त दाट.

तो तसाच एका पायावर उभा राहिला. टपावर गोल गोल हात फिरवणारा माणूस ह्या घरात एकच होता. मेण लावताना फडकं खाली पडलं तर झटकून पुन्हा तेच वापरायची त्याची सवय त्याला आठवली. पाणी संपत आलं की धूळ गेली असेल असं मानून पुढं जायची सवयही आठवली. दर रविवारी, मोठ्या प्रेमानं, त्यानंच हे ओरखडे काढले होते आणि त्यानंच ते मेणाखाली झाकले होते. मेण दोन रविवार चुकलं, तसे ते वर आले.

आता खरं तर त्यानं बादली ठेवून वर जायला हवं होतं. जिना दोन मजल्यांचा, आई गॅलरीत बसलेली. त्याऐवजी त्यानं काय केलं, तर पॉलिशची बाटली काढली. दिवसभर, ऊन डोक्यावर येऊन कललं तरी, तो हातानं घासत राहिला. पॉलिश ओरखडा भरत नाही, आजूबाजूचा रंगच झिजवून त्याच्या पातळीला आणतं. हे ठाऊक असूनही त्यानं बॉनेट घासलं, दारं घासली आणि टप तर सगळ्यात आधी घासला. संध्याकाळी गाडी नवी दिसत होती. कुणी कितीही निरखून बघितलं असतं तरी ओरखडा कुणाचा हे सांगता आलं नसतं. बाबू शिवलकर म्हणाले, वा, निघालं की रे सगळं, म्हातारीवर उगाच तापलास. गुरुप्रसाद हसला. चोरी लपवल्यावर माणूस हसतो तसं ते हसणं होतं, आणि ते त्याला स्वतःला ऐकू आलं.

त्यानंतर तो आईला फार जपायला लागला. सुरमई आणली. औषधाचे थेंब स्वतः डोळ्यात घालू लागला. डॉक्टरकडे नेताना ती गाडीजवळ जाऊन हात पदरात घेऊन उभी राहायची; दाराला हात लावायची नाही. मग तो पलीकडून वळसा घालून यायचा आणि दार उघडून धरायचा. सानिका शिवलकर हे गॅलरीतून बघून सासऱ्यांना म्हणाली, किती करतात आईचं. बाबू म्हणाले, श्रावणबाळ आहे श्रावणबाळ. सगळी इमारत त्याला चांगला म्हणायला लागली आणि तो दिवसेंदिवस बारीक तोंडाचा होत गेला.

डॉक्टरांनी शेवटचं तपासून सांगितलं, आता हरकत नाही. काशीबाई म्हणाली, भात कापणीला आलंय, मला घरी सोड. जायच्या दिवशी नम्रता पाया पडली, रडवेली झाली. गाडीत आई पुढं बसली. पिशवी मांडीवर, हात पिशवीवर. पाठ सीटला टेकवली नाही. आरे-वारेच्या वळणावर गाडी कलली तरी तिनं कुठं धरलं नाही, पिशवीलाच घट्ट धरून राहिली. बाहेर समुद्र चमकत होता. नव्या डोळ्यानं बघ, आई, असं त्याला म्हणायचं होतं. त्यानं गिअर बदलला.

वाडीत पोचले आणि ती बाईच बदलली. कुलूप तिनं खटकन काढलं. दाराला एक धक्का दिला, अडसर भिंतीला लावला, कोनाड्यातली कोळिष्टकं हातानंच ओढली. पडवीतली टोपली उलटी करून आपटली, शेजारच्या कुत्र्याला पाठीत चापट दिली, खळ्यातला केर गोळा केला, माठ उचलून विहिरीवर नेला. प्रत्येक वस्तूला हात. कुणालाही न विचारता. गुरुप्रसाद पायरीवर बसून बघत राहिला. एवढे दिवस हे हात आपल्या घरात बांधून ठेवले होते, हे त्याला इथं आल्यावर दिसलं, आणि मग त्याला राहवलं नाही.

ती पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा तो म्हणाला, "आई, ते गाडीवरचे ओरखडे तुझे नव्हते. माझेच होते. आधीचेच."

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

त्यानं वर बघितलं. ती त्याच्या शेजारी टेकली.

"पाणी मारलं मी आधी, तू मारतोस तसंच. मग उन्हात दिसले. नव्या डोळ्याला सगळं दिसतं रे. म्हटलं, पोर येवढं जपतो नि गाडीला भेगा पडल्यात, बघेल तर कष्टी होईल. टाचेच्या भेगा बुजतात तेलानं, ह्यापण बुजतील. म्हणून चोळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस? मी एवढा ओरडलो तुझ्यावर."

"बाबू होता तिथं. त्याची सून होती," काशीबाई म्हणाली. "चार माणसांत तुला मान खाली घालायला लावू काय?"

गुरुप्रसादच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यानं लपवलं नाही. चुकलो, तो म्हणाला. एकदा नाही, दोनदा म्हणाला. तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी ताप आल्यावर फिरवायची तसा. येडा झालास काय, मी कधीच विसरले, ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. मनात धरून ठेवायची तिची जातच नव्हती. पेज केली, सुकटाची चटणी केली, त्याला आग्रहानं वाढलं. भावकीत कुणाचं भात कापून झालं, कुणाचं राहिलं, सगळं सांगितलं. चार वाजेपर्यंत मायलेक आप्पांच्या गोष्टी काढून हसत बसले. कितीतरी दिवसांनी त्याचं जेवण अंगी लागलं.

निघायची वेळ झाली. रिकाम्या हातानं मुलाला पाठवणं तिला जमणारं नव्हतं. तिनं नारळ सोलून दिले, कडवे वाल बांधले, नम्रतासाठी आमसुलं दिली आणि सगळ्याची एक गोणी करून स्वतःच उचलून गाडीपर्यंत आणली. मी घेतो म्हणत तो मागून धावला, पण तोवर ती पोचली होती. डिकी नुसती लोटलेली होती, एका हाताचं काम. काशीबाई गोणी कमरेवर पेलून गाडीपासून हातभर अंतरावर थांबली आणि त्याच्याकडे वळली.

"गुरू," तिनं अगदी मायेनं विचारलं, "ह्यात ठेवू काय?"

आणि तो काय म्हणतो त्याची वाट बघत उभी राहिली.